काळोखांत रंगणारें झाड

नाताळांत अमेरिकेंतील घरोघरीं मांडलें जाणारें पॉइन्सेटियाचें लाल झाड मूळचें मेक्सिकोंतलें. तेथील अमेरिकन वकील जोएल पॉइन्सेट ह्यांनीं १८२८ च्या सुमारास तें स्वदेशीं पाठविलें, व त्यांचेंच नांव त्यास पडलें. ज्यांस आपण पाकळ्या समजतों तीं वस्तुतः पानें होत. खरीं फुलें मध्यभागींचीं, बारीक व पिंवळीं.

हीं पानें रंगण्यास लांब रात्र लागते. सुमारें ८ ते १० आठवडे रोज १४ तास अखंड काळोख मिळावा, म्हणून रोपवाटिकांतून संध्याकाळीं रोपांवर काळे पडदे ओढतात. रस्त्यावरील दिव्याचा उजेड रोज आंत शिरूं लागला, तर रोपें हिरवींच राहतात किंवा उशिरां रंगतात. आणि २५ डिसेंबर उलटल्यावर त्यांस गिऱ्हाईक कोठलें? उन्हाळ्यापासूनची मेहनत व भांडवल त्या उजेडापायीं बुडतें.

आपल्याकडील बागांतहि हें झाड थंडींत लाल होतें. ज्यांच्या कुंडींतलें झाड हिरवेंच राहतें, त्यांनीं खत वाढविण्यापूर्वीं व्हरांड्यांतला दिवा त्यावर रात्रभर जळत नाहीं ना, एवढें पाहावें, असें आम्ही सुचवितों.