नाहीशा झालेल्या जमिनीचे चित्र

खुल्या खाणीतून कोळसा काढायचा तर आधी वरची शेती, झाडे, माती आणि खडक बाजूला करावे लागतात. उपसलेल्या मातीचे ढिगारे शेजारीच वाढत जातात, आणि ज्या शिवारात कापूस-तूर पिकत होती तिथे पायऱ्यापायऱ्यांचा खोल खड्डा उरतो. अन्याय झालेली जागाच नाहीशी होते. मग दाखवायचे काय? चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या खाणपट्ट्यातील गावी १९८६ साली जन्मलेल्या प्रभाकर पाचपुते यांची कला या अडचणीतूनच घडली आहे. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्यांचा खाणीशी संबंध आहे. खैरागढ आणि बडोदा येथे शिल्पकला शिकलेल्या या कलावंताने कोळशाची रेखाटने, शिल्पे आणि चलत्‌चित्रे एकत्र आणली. त्यांच्या चित्रांतील अद्भुत हे वास्तवापासून पळणे नसून खाणीच्या वास्तवाला साजेशी नोंद आहे, असे माझे म्हणणे आहे.

पाचपुते अनेकदा थेट प्रदर्शनाच्या भिंतीवर कोळशाने चित्रे काढतात. तिथे डोक्याच्या जागी दिवा असलेला माणूस भेटतो. कुठे अवजार, यंत्र किंवा जमिनीचा तुकडाच शरीराचा भाग होतो. २०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचे ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन झाले. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पूर्वी खाणीत नेल्या जाणाऱ्या पक्ष्याचे नाव त्याला होते. अशी भिंतचित्रे प्रदर्शन संपले की पुसली जातात. चित्रासाठीचा कोळसा लाकडाचा असतो, खाणीतला नव्हे, हे खरे. पण हाताला लागणारी काळी भुकटी आणि पुसून जाण्याचा गुण यांमुळे माध्यम विषयाला धरून राहते.

यावर पहिला आक्षेप असा की, अन्याय सांगायचा तर छायाचित्रे, सातबारा, मोबदल्याचे कागद मांडावेत. दिव्याच्या डोक्याची माणसे कशाला? कागदांची गरज आहेच. परंतु छायाचित्र खड्डा दाखवते, त्याआधीचे शिवार नाही. १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने जमीन सरकारकडे जाते, क्षेत्र मोजले जाते, मोबदला ठरतो. काही कुटुंबांना नोकरीही मिळते. त्या व्यवहारात शेतकऱ्याचा मजूर होतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतीचे ज्ञान निरुपयोगी ठरते. या बदलाला कोणत्याही रकान्यात जागा नाही. अर्धे माणूस, अर्धे अवजार असलेले शरीर तो बदल एका दृष्टिक्षेपात दाखवते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. खाणकामगारांचे दुःख दालनांत आणि जागतिक प्रदर्शनांत मांडले जाते, ते पाहणारे आणि विकत घेणारे वेगळेच. मग कामगाराला काय मिळाले? हा प्रश्न टाळता येत नाही. पाचपुते यांचे काम व्हेनिसच्या २०२२ च्या द्वैवार्षिकीत पोहोचले, म्हणून सास्तीला एक एकरही परत मिळाला नाही. तरीही प्रेक्षक सर्वत्र सारखा नसतो. वेल्समधील ‘आर्टेस मुंडी ९’ या कला-पुरस्काराच्या प्रदर्शनात त्यांचे काम कार्डिफला मांडले गेले आणि २०२१ साली तो पुरस्कार सहाही कलावंतांना विभागून मिळाला. कार्डिफच्या उत्तरेकडची खोरी कोळशावर उभी राहिली आणि खाणी बंद पडल्यावर उद्‌ध्वस्त झाली. तिथे चंद्रपूरचे चित्र परक्याच्या दारिद्र्याचे दर्शन ठरत नाही. एकाच उद्योगाने दोन समाजांचे काय केले, याची तुलना होते.

कला जमीन परत देत नाही. जमीन गेली हे विसरू न देणे एवढे तिच्या हाती असते, आणि ते पाचपुते यांनी केले आहे. उरलेले काम आपले आहे. ही चित्रे परदेशी दालनांइतकीच बल्लारपूर, राजुरा आणि वणीच्या शाळांत, सभागृहांत दिसली पाहिजेत. तो खर्च राज्याच्या सांस्कृतिक खात्याने आणि कोळशावर नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी उचलावा.