दहापैकी आठ की दहापैकी चार? लेकींच्या रोबोटचा हिशेब

आज आपण बचतीवर किंवा कर्जावर नाही, तर रोबोटवर बोलणार आहोत. रेडिओ बंद करू नका. शेवटी गोष्ट आपल्या वहीपाशीच येणार आहे.

सोलापूर-पुणे रस्त्यावर, मोहोळ तालुक्यात आपली चिंचोळी एमआयडीसी आहे. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी इथल्या कंपन्यांत पाळीला जातात. त्यांतल्या तिघींच्या मुली नववीत एकाच वर्गात आहेत. शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबविषयी तुम्ही ऐकलं असेल. सहावी ते बारावीच्या मुलांना स्वतःच्या हातानं यंत्रं जोडून बघता यावीत म्हणून २०१६ साली नीती आयोगानं ही योजना आणली. या तिघींनी तिथंच चेंडू टोपलीत फेकणारा रोबोट बनवला.

पहिल्या स्पर्धेआधी मुलींनी घरी सांगितलं, "आमचा रोबोट दहापैकी आठ चेंडू टाकतो." आयांनी खाडा केला, गटातून अंतर्गत कर्ज काढून जीप ठरवली आणि मुलींना नेलं. तिथं दहापैकी चारच चेंडू पडले. घरी आल्यावर एका मुलीचे आजोबा म्हणाले, "पोरी खोटं बोलल्या. आता हे खूळ बंद." दुसऱ्या स्पर्धेला दीड महिना होता. पुन्हा कर्ज द्यायचं की नाही, हा विषय मासिक बैठकीत आला. आम्ही म्हटलं, आधी मुलींची वही बघू.

त्या वहीनं आम्हाला जे शिकवलं, तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट. "दहापैकी आठ" हा सगळ्यात चांगल्या दिवसाचा आकडा होता. वहीत पाच दिवसांची नोंद होती. आठ, पाच, सहा, सात, चार. म्हणजे पन्नास चेंडूंपैकी तीस, शेकडा साठ. मुली खोटं बोलल्या नव्हत्या, आवडता दिवस सांगत होत्या. आपणही तेच करतो. गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावला की संक्रांतीच्या दिवसाची विक्री सांगतो, बाकीच्या दिवसांची सांगत नाही.

दुसरी गोष्ट. दहा चेंडू फार थोडे असतात. शेकडा साठ नेम असलेलं यंत्र घ्या आणि त्याला दहा-दहा चेंडूंच्या सहा खेपा टाकू द्या. साधारण एका खेपेत आठ किंवा जास्त पडतील आणि एका खेपेत चार किंवा कमी. यंत्र तेच, मुली त्याच, काही बिघडलेलं नाही. म्हणजे सरावातले आठ आणि स्पर्धेतले चार हे एकाच रोबोटचे असू शकतात. हे फळ्यावर मांडलं तेव्हा आजोबासुद्धा गप्प झाले. शंभर चेंडू टाकले, तर मात्र साठ टक्केवालं यंत्र बहुतेक वेळा पन्नास ते सत्तरच्या आतच राहतं. म्हणून अंदाज बांधायचा तर आधी भरपूर टाका आणि प्रत्येक चेंडू लिहा.

तिसरी गोष्ट. हंगामाच्या सुरुवातीला नोंदी कमीच असतात, मग काय करायचं? आपण नव्या सभासदाला पहिलं कर्ज देताना तिची एका महिन्याची बचत बघून ठरवत नाही. गटाचा आजवरचा अनुभव त्यात मिसळतो. इथंही तसंच. आपण धरून चाललो की नवा रोबोट साधारण निम्मे चेंडू टाकतो. मग मुलींच्या नोंदीत दहा चेंडू आपल्या मनानं वाढवायचे आणि त्यांतले पाच पडले असं धरायचं. आठ आणि पाच तेरा. दहा आणि दहा वीस. वीसपैकी तेरा म्हणजे पासष्ट टक्के, ऐंशी नव्हे. आता पन्नास चेंडूंच्या नोंदीला हेच करा. तीस आणि पाच पस्तीस, भागिले साठ. अठ्ठावन्न टक्के आले, म्हणजे साठावरून फारसे हलले नाहीत. नोंद जितकी जास्त, तितकी उसनवारी कमी लागते.

चौथी गोष्ट. सराव वेगळा, मैदान वेगळं. चेंडू फेकणारं चाक बॅटरीवर फिरतं. व्होल्टेज कमी आलं की पिठाची गिरणी कशी मंदावते? बॅटरी उतरली की चाक तसंच मंदावतं आणि चेंडू टोपलीच्या अलीकडे पडतो. वहीतले चार आणि पाचवाले दोन्ही दिवस बॅटरी पुरती चार्ज न करता खेळल्याचे निघाले. शिवाय नवा चेंडू आणि वापरून मऊ झालेला चेंडू सारखा उडत नाही. फरशी बदलते, कॅमेरा असेल तर उजेडाचा फरक पडतो, घड्याळ पळत असतं आणि हात थरथरतात. म्हणून पहिल्या स्पर्धेचा अंदाज सरावापेक्षा खाली धरायचा.

हे फक्त आपल्याच पोरींचं नाही. अमेरिकेत फर्स्ट नावाच्या संस्थेची शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा १९९२ पासून भरते. मुंबईची मुलंही तिथं खेळून आली आहेत. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो आणि थोड्याच आठवड्यांत स्पर्धा सुरू होतात. पहिल्या आठवड्यात खेळणाऱ्यांपुढे कुणाचाच कित्ता नसतो. पुढच्या आठवड्यांतले संघ आधीच्यांचं बघून सुधारतात. तिथं एका बाजूला तीन रोबोट एकत्र खेळतात आणि फलकावर तिघांची बेरीज येते. तीन घरांचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं, तर कुणाचं किती ते कसं कळणार? म्हणून प्रत्येक संघाची काही मुलं प्रेक्षकांत बसून एकेका रोबोटचे किती चेंडू गेले, किती चुकले ते टिपत राहतात.

आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या मुलांची आशिया-पॅसिफिक रोबोकॉन २००८ आणि २०१४ साली पुण्यात झाली. २००८ च्या खेळाची कल्पना दहीहंडीवरून घेतली होती. २०२२ साली ती दिल्लीत भरली तेव्हा खेळ होता चक्क लगोरी! रोबोटनं चेंडू मारून लगोरी फोडायची आणि पुन्हा रचायची. लहानपणी आपणही खेळलोय. अंगणात नेम लागतो आणि शेजारच्या गल्लीत गेलं की चुकतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अंदाज एका आकड्यात सांगू नका, "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असा सांगा. दुसऱ्या स्पर्धेत वीस चेंडू मिळणार होते. सरावाचे अठ्ठावन्न टक्के, त्यातून मैदानाची घट धरून आम्ही निम्मे धरले. म्हणजे दहा. पण थोड्या चेंडूंत चढउतार होणारच, म्हणून वहीत लिहिलं, "सहा ते चौदा." त्याखाली तिन्ही मुलींच्या आणि तिन्ही आयांच्या सह्या घेतल्या. कर्ज मंजूर झालं, पण एका अटीवर. रोज वीस चेंडू टाकायचे, चार्ज केलेल्या बॅटरीवर, आणि प्रत्येक चेंडू लिहायचा.

दुसऱ्या स्पर्धेत वीसपैकी नऊ पडले. बक्षीस मिळालं नाही. पण त्या रात्री जीपमध्ये कुणी कुणाला खोटं म्हटलं नाही. मुली म्हणत होत्या, "नऊ आपल्या अंदाजातच आहेत, पण डावीकडून टाकलेले पाचही चुकले." घरी पोचायच्या आत पुढं काय दुरुस्त करायचं ते ठरलं होतं. आजोबांनी वही मागून घेतली आणि बराच वेळ बघत बसले. मुलींचं जाणं बंद झालं नाही.

आता आपल्या कामाचं. कडक भाकरीची नवी ऑर्डर घेताना पहिल्याच दिवशी शंभरातल्या किती मोडल्या यावरून भाव ठरवू नका. आठवडाभर मोजा, चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही लिहा आणि गिऱ्हाइकाला "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असा शब्द द्या. आणि लेक घरी येऊन म्हणाली, "आई, दहापैकी आठ," तर तिला रागावूही नका आणि लगेच पेढेही वाटू नका. एवढंच विचारा, "किती वेळा टाकलेस, बाळा? वही दाखव बघू."