दमडीचे दान आणि दंभाचे भांडवल

नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर, गोंदिया ही स्थानके मागे टाकीत डोंगरगड-राजनांदगावकडे जातो. आपल्याकडील शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या मार्गाने रोज ये-जा करीत असतात. सुमारे एकशेतीस वर्षांपूर्वी, १८९३ च्या सुमारास, याच मार्गाने नारायण वामन टिळक नावाचा एक तरुण मराठी कवी नोकरीसाठी राजनांदगावास निघाला होता. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. संस्कृत काव्यावरून गोष्टी सुरू झाल्या, धर्मावर आल्या, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती ‘नव्या करारा’ची एक प्रत ठेवली. ती वाचण्याचे वचन टिळकांनी दिले. दोघांनीही एकमेकांची नावे विचारली नाहीत.

दिलेले वचन पाळावे म्हणून टिळक ते पुस्तक वाचू लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांना रोख मोजावी लागली. आप्त दुरावले, जात गेली, पत्नी लक्ष्मीबाई मुलासह माहेरच्या माणसांत राहिल्या आणि संसाराची काही वर्षे ताटातुटीत गेली. या व्यवहारात त्यांना लाभ कोणता झाला, असा हिशेब कोणी मांडू लागला तर जमेची बाजू कोरीच दिसेल. खरी श्रद्धा आणि धर्माचे सोंग यांतील भेद समजून घ्यायला येथून आरंभ करणे सोयीचे आहे.

ज्या प्रवचनाने टिळकांना वेधून घेतले त्याचा मोठा भाग दंभाविषयीच आहे, हे पुष्कळदा आपल्या ध्यानात येत नाही. दान करताना पुढे कर्णे वाजवू नका, चौकात उभे राहून प्रार्थना करू नका, खोलीचे दार लावून घ्या, उपास केला तर तोंड उतरलेले दाखवू नका, अशी ती शिकवण आहे. येशूने दांभिकाला जितक्या कठोर शब्दांत फटकारले तितके चोराला किंवा वाट चुकलेल्या स्त्रीला फटकारलेले नाही. तेथे दांभिकासाठी जो मूळ ग्रीक शब्द आला आहे त्याचा अर्थ रंगमंचावरील नट असा होतो. हा अर्थ झाडीपट्टीतल्या माणसाला कोणी वेगळा समजावून द्यायला नको. धान घरात आले की आपल्याकडे गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. राजा झालेला गडी पहाटे रंग पुसून शेतावर जातो. त्याने कोणालाही फसविलेले नसते, कारण ते सोंग आहे हे पाहणाऱ्यालाही माहीत असते. दांभिकाचा अपराध एवढाच की तो रंग पुसायचे विसरतो. आणि हळूहळू आपला खरा चेहरा कोणता हे त्याला स्वतःलाही सांगता येईनासे होते.

लूकच्या शुभवर्तमानात एक दृष्टांत आहे. दोन माणसे मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परूशी, म्हणजे शास्त्र जाणणारा व नियम काटेकोर पाळणारा. दुसरा जकातदार, म्हणजे परकीय सत्तेसाठी कर वसूल करणारा, बदनाम. परूशी देवापुढे आपल्या उपवासांची व दशमांश दानाची यादी वाचतो आणि आपण या जकातदारासारखे नाही याबद्दल आभार मानतो. जकातदार मात्र दूर उभा राहून केवळ दयेची याचना करतो. देवाच्या लेखी दुसरा निर्दोष ठरतो. या गोष्टीतला परूशी लबाड नव्हता, हे विसरता कामा नये. तो उपवास खरोखरच करीत होता, दानही देत होता. तो समाजातला शिकलेला, सभ्य, प्रतिष्ठित मनुष्य होता. आजच्या भाषेत सांगायचे तर तो आपल्यातला होता. मास्तर, प्राध्यापक, हेडक्लार्क. त्याचे पुण्य खोटे नव्हते. त्या पुण्याचे भांडवल करून तो शेजाऱ्यापेक्षा उंच होऊ पाहत होता, हे खोटे होते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे थॉर्स्टाइन व्हेब्लेनची आठवण होते. काही वस्तू उपयोगासाठी नव्हे तर इतरांनी पाहाव्यात म्हणून विकत घेतल्या जातात, हे त्याने १८९९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. धर्माचरणही अशी वस्तू होऊ शकते. तशी ती झाली की तिला प्रेक्षक लागतो, आणि प्रेक्षक नसेल तेथे तिची मागणी शून्यावर येते. याच्या उलट टोकाला शुभवर्तमानातली गरीब विधवा आहे. श्रीमंत लोक मंदिराच्या दानपेटीत मोठाल्या रकमा टाकीत असताना ती जेमतेम दमडी टाकते. आणि येशू म्हणतो की सर्वांत अधिक तिनेच दिले, कारण इतरांनी उरलेल्यातून दिले, तिने पोटातले दिले. दानाचे माप दिलेल्या रकमेवरून घ्यायचे नसून देणाऱ्याजवळ मागे काय उरले यावरून घ्यायचे, हा तो विचार आहे. सीमान्त उपयोगितेच्या सिद्धान्ताची मांडणी करायला अर्थशास्त्राला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आता हे माप खुद्द ख्रिस्ती मंडळींच्या कार्याला लावून पाहणे न्याय्य होईल. स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनने भंडाऱ्यात १८८२ मध्ये आपले ठाणे मांडले. पुढे मध्य प्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ आले. उपासमारीच्या त्या काळात मिशनांनी देशभर अनाथ मुले सांभाळली, दवाखाने चालविले. त्याच काळाशी ‘तांदळासाठी झालेले ख्रिस्ती’ हा हेटाळणीचा शब्दप्रयोगही जोडला जातो. भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात तरी या शब्दाचा विचार जपून व्हावा. भुकेल्याने भात खाल्ला तर तो दांभिक ठरत नाही. त्या भाताला श्रद्धेची किंमत लावणारा कोणी असेल तर तो मात्र दांभिक खराच. कारण त्याने देणगीचे नाव देऊन सौदा केला.

हा आक्षेप केवळ विरोधकांचा कांगावा नव्हता. भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये, त्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शाळा, इस्पितळे, अनाथालये यांचा उपयोग धर्मांतराचे साधन म्हणून होतो, असा ठपका समितीने १९५६ च्या अहवालात ठेवला. ख्रिस्ती संस्थांनी तो एकांगी म्हणून नाकारला. हा वाद येथे निकालात काढण्याचे कारण नाही. मात्र त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास बौद्ध धर्माचा स्वीकार केला तेव्हा धम्मदीक्षा घेणाऱ्यांत हेच नियोगी होते. ज्या न्यायाधीशाने आमिषाच्या धर्मांतराला दोष दिला त्याने स्वतः विचारपूर्वक धर्म बदलला, यात विसंगती नाही. धर्म बदलणे हा प्रश्न नसून तो कशाच्या मोबदल्यात बदलला, हा प्रश्न आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या कसोटीवर तपासण्याजोगे आहे. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो असा आरोप झाला आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आपण प्रार्थना करतो, दार उघडे असते आणि येणाऱ्या मुलीला आपण हाकलणार नाही, ही भूमिका रमाबाईंनी लपविली नाही. ती योग्य की अयोग्य याबद्दल मतभेद होऊ शकतात, पण तिला दंभ म्हणता येणार नाही. त्याच रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तेथील धर्मभगिनींनी सांगितलेले प्रत्येक मत मान्य करायचे नाकारले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि निराधार मुलींना केडगावी घेऊन गेल्या. मायदेशातल्या सनातन्यांनाही त्या पटल्या नाहीत आणि परदेशातल्या गुरूंनाही पूर्णपणे पटल्या नाहीत. दोन्हीकडची वाहवा गमावून जो आपल्या मताला चिकटून राहतो, त्याच्या मताला निदान खरेपणाचे श्रेय द्यावे लागते.

चर्चच्या अंगणातला याहून मोठा दंभ जातीचा आहे. ख्रिस्तात ज्यू नाही व ग्रीक नाही, दास नाही व स्वतंत्र नाही, असे व्यासपीठावरून सांगायचे आणि देशाच्या काही भागांत बसण्याच्या जागा नि दफनभूमीचे कोपरे जातीनुसार राखायचे, हे घडलेले आहे. ज्या आंबेडकरांनी १९५४ मध्ये भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढविली आणि ज्यांना तेथे पराभव पत्करावा लागला, त्यांनी या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहून ठेवले होते. महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. धर्मांतरिताची जात चर्चमध्येही सुटली नाही आणि ती सोडविण्यासाठी चर्चने झुंजही दिली नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मिशनऱ्यांच्या सेवाकार्याची कदर करूनच त्यांनी तो घेतला, म्हणून त्याचे वजन अधिक.

दंभाला केवळ व्यक्तीच खतपाणी घालतात असे नाही, कायदाही घालू शकतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा मनुष्य ख्रिस्ती झाला तर त्याचा तो दर्जा जातो. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना हा दर्जा मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमान मात्र बाहेर राहिले. धर्माच्या अटीची ही गाठ सोडावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये केली होती. परिणामी रविवारी एक धर्म आणि दाखल्यावर दुसरा, अशा दुहेरी जगण्याचा मोह निर्माण होतो. अशा माणसाला खोटा म्हणण्यापूर्वी, खरे बोलण्याची किंमत आपण त्याच्यासाठी किती चढवून ठेवली आहे, हेही पाहिले पाहिजे. आणि चर्चनेही, आमच्यात जात नाही असे सांगावे की आमच्यातील दलितांना जात भोगावी लागते असे कबूल करावे, याचा निर्णय प्रांजळपणे केला पाहिजे.

टिळकांनी असा प्रांजळ हिशेब स्वतःपुरता मांडला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत आणि ख्रिस्ताला परदेशी पोषाखात वावरवू नका, असा त्यांचा आग्रह असे. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या पुढे, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्तशिष्य तीत एकत्र यावेत, अशी ती योजना होती. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले आणि योजना अपुरी राहिली. नोकरदार वाचकांना निवृत्तीच्या वयात पगार सोडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

लक्ष्मीबाईंचा खरेपणा याहूनही घरगुती आणि म्हणून अधिक शिकण्याजोगा आहे. पतीकडे परतल्यावरही मन पटेपर्यंत त्यांनी आपले सोवळे सोडले नाही, आणि टिळकांनी ते सोडविण्याची सक्ती केली नाही. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले तेव्हाच त्यांनी पाऊल उचलले. पुढे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी नवऱ्याचे दोष आणि स्वतःची फजिती दोन्ही मोकळेपणी लिहिली. ज्या घरात न पटलेले ‘पटले’ म्हणावे लागत नाही, त्या घरात दंभाला शिरायला फट मिळत नाही.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी आहेत. मग त्यांच्या शास्त्रातील गोष्टींचा एवढा ऊहापोह कशाला, असे कोणी विचारील. परंतु परूशी कोणत्या एका धर्माचा नसतो. आपल्या संतांनीही टिळे-माळांच्या दिखाऊ भक्तीवर असेच कोरडे ओढले आहेत. सप्ताहाला देणगी देऊन फलकावर नाव लावून घेणारे, वर्गात समतेचा धडा शिकवून घरी मोलकरणीचा कप वेगळा ठेवणारे, फायलीवर सही करण्यापूर्वी पाकीट घेणारे आणि त्याच हाताने देवघरात उदबत्ती लावणारे आपल्यात थोडे नाहीत. इतरांच्या धर्मातला दंभ आपल्याला चटकन दिसतो, कारण तो पाहताना आपणच प्रेक्षक असतो.

कसोटी साधी आहे. पाहणारे कोणी नसते तर हे आपण केले असते काय? आणि त्यापायी काही गमवावे लागले असते तरीही केले असते काय? राजनांदगावच्या गाडीत पुस्तक देऊन गेलेल्या त्या अनोळखी गृहस्थाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले, टिळकांनी दुसऱ्याचे. त्याच मार्गाने रोज जाणाऱ्या-येणाऱ्या आपणांस ती दोन्ही उत्तरे अजून द्यायची आहेत.