एप्रिलातली ओल

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. “मॅडम, जरा खाली येता का? बेसमेंटच्या भिंतीला पाणी सुटलंय.” कोथरूडमध्ये त्या दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं, आणि खाली पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या स्टँडखाली चांगलं परातभर पाणी साचलेलं. भिंतीत उभी भेग, भेगेच्या कडेने क्षारांचे पांढरट ओघळ. कोटिंगवाला येऊन गेला होता. भिंतीला बोटही न लावता त्याने सांगून टाकलं होतं: सगळी भिंत घासू, वरून केमिकलचे दोन हात मारू, मग बघायला नको.

मी म्हटलं, “आधी पेन्सिल आणा.”

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, आता निवृत्त. पुण्यातल्या तळघरांतल्या भेगा बघण्यात माझे कितीतरी पावसाळे गेले. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची, ही त्यातून लागलेली सवय. महिना-दोन महिन्यांनी भेग रेघेच्या पुढे सरकलेली दिसली तर ती जिवंत, नाहीतर झोपलेली. पूर्वी आम्ही भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवायचो. भिंत हलली की काच तडकायची. रुंदी मोजायला रेघांचं कार्ड मिळतं, पण घरात झेरॉक्सचा कागद असतोच. तो साधारण ०.१ मिलिमीटर जाड. त्याची दुहेरी घडी आत शिरली तर भेग ०.२ मिलिमीटर तरी आहेच. (भेगेचा कोरडा भाग बघून हे करावं, ओल्यात कागदाचा लगदा होतो.) ०.२ हा आकडा माझा नाही. आपल्याकडे काँक्रीटचं काम आयएस ४५६ या ज्या मानकाप्रमाणे चालतं, त्यात माती आणि ओलाव्याला लागून असलेल्या भागांसाठी भेगेची हीच मर्यादा दिलेली आहे. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर. ते आत गेलं तर कोटिंगवाल्याला नव्हे, इंजिनिअरला बोलवायचं.

आमची ती भिंत साधारण ३० मीटर लांब. तिच्यावर पाच उभ्या भेगा निघाल्या, जवळपास सारख्या अंतरावर, जमिनीपासून थोड्या वर सुरू होऊन वर बारीक होत गेलेल्या. अशी रांग दिसली की मला हायसं वाटतं, कारण ही काँक्रीट आकसल्याची खूण. काँक्रीट वाळताना आखडतं. डिझाइन करताना आपण हे आखडणं लांबीच्या ०.०००३ पट धरतो. म्हणजे ३० मीटरच्या भिंतीला ९ मिलिमीटर कमी व्हायचं असतं. पण तिचे पाय खालच्या राफ्टमध्ये, म्हणजे पायाच्या सलग काँक्रीटच्या थरात अडकलेले, आणि राफ्ट आधी ओतलेला, त्याचं बरंचसं आखडून झालेलं. धाकटीला अंग चोरायचंय आणि थोरला पाय सोडत नाही, मग ती पाच ठिकाणी फाटते. आत सळई पुरेशी असेल तर या भेगांनी भिंत पडत नाही. फक्त पाण्याला वाट मिळते.

झोप उडावी अशा भेगा वेगळ्या असतात. भिंतीच्या मध्यावर आडवी भेग आणि तिथेच पोट पुढे आलेलं असेल, तर बाहेरची माती भिंतीला वाकवते आहे. ओळंबा सोडला की लगेच कळतं. कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी, एका टोकाला रुंद भेग बहुतेक वेळा पाया एका बाजूला बसल्याचं सांगते. भेगेतून तांबूस डाग उतरत असतील तर सळई गंजली आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचं काँक्रीट आतून उडवतो. माझा भाचा शिकागोजवळ राहतो, त्याने मध्यंतरी त्याच्या तळघराचे फोटो पाठवले. त्यांच्याकडच्या जुन्या घरांत ही भिंत पुष्कळदा नुसत्या काँक्रीट ब्लॉकची असते. बाहेरची चिकणमाती पाण्याने फुगते, थंडीत गोठून आणखी ढकलते, आणि ब्लॉकच्या सांध्यातून सरळ आडवी भेग जाते. तिथे भिंतीवर कार्बन फायबरच्या उभ्या पट्ट्या चिकटवतात किंवा लोखंडी तुळया उभ्या करतात. त्याला मी एवढंच सांगितलं, फोटोवरून निकाल देत नाही, तिथला माणूस बोलव.

आपल्याकडची गोष्ट पाण्यावर येऊन थांबते. पुण्यात तळघरासाठी खणलं की थोडी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाषाण फोडून खड्डा करायचा, त्यात भिंत उभी करायची आणि खडक व भिंतीमधली फट मुरमाने, कधी राडारोड्याने भरायची. पहिल्या जोरदार पावसात चारी बाजूंचं पाणी त्या फटीत उतरतं, आणि खाली अखंड खडक असला तर तिथेच उभं राहतं. आपल्या आजोबांनी पाण्यासाठी जी विहीर खणली तीच आपण खणतो, फक्त आत गाड्या लावतो. तीन मीटर पाणी साचलं तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला तीन टन दाब येतो. इतक्या दाबाला आतून लावलेला रंग काय अडवणार? तो पापडासारखा सुटतो. म्हणूनच जुने कंत्राटदार भिंतीला बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग करत आणि त्यानंतरच भराव टाकत. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला अडवलं तर टिकतं.

पण एप्रिलात कुठला आलाय पाऊस? पाचांपैकी एकच भेग ओली होती, कोपऱ्याकडची. वॉचमन मामा मागे उभे होते. ते म्हणाले, “ताई, टाकी धुतली त्या दिवशी इथं कोरडं होतं.”

त्या भिंतीपलीकडे सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी आहे. कमिटीतल्या सगळ्यांना हे माहीत होतं, सुचलं कोणालाच नाही, मलासुद्धा. रात्री व्हॉल्व्ह बंद करून टाकीत खडूने पातळीची खूण केली. सकाळी पाणी खूण सोडून चार बोटं खाली गेलेलं. मग टाकी रिकामी केली, तर दोन दिवसांत भेग वाळली. दुरुस्ती अर्थातच टाकीच्या आतून केली. भेगेवर व्ही आकाराची खाच कापली, धूळ काढून ती पॉलिमर मॉर्टरने भरली आणि वरून पिण्याच्या पाण्याला चालणारं कोटिंग दिलं. पार्किंगच्या बाजूला हातही लावला नाही.

उरलेल्या चार भेगांसाठी मी जुलैची वाट बघायला लावली. सेक्रेटरी वैतागले. “मॅडम, एकदा इपॉक्सी भरून टाकू ना!” हीच घाई मी तरुणपणी एका कारखान्यात केली होती. भेग उन्हाने रोज उघडझाप करत होती, मी न मोजता इपॉक्सी भरायला सांगितलं. इपॉक्सी काँक्रीटपेक्षा पक्कं बसतं. ते हललं नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात वीतभर अंतरावर नवी भेग उभी! इपॉक्सी कोरड्या आणि झोपलेल्या भेगेला द्यावं, जिथे भिंत पुन्हा सांधायची असते. पाणी वाहत असेल तर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन.

जुलैत दोन भेगा पाझरल्या. कारागिराने भेगेच्या डावीकडून एक, उजवीकडून एक अशी तिरपी भोकं पाडली, भिंतीच्या पोटात ती भेगेला मिळतील अशी. प्रत्येकात पॅकर, म्हणजे रसायन आत ढकलायची छोटी तोटी, आवळला आणि सगळ्यांत खालच्या पॅकरला पंपाची नळी लावली. आधी भेगेतून गढूळ पाणी बाहेर ढकललं गेलं. मग पिवळसर फेस फसफसत आला, इडलीचं पीठ उतू जावं तसा. पाणी लागलं की पीयू फुगतं आणि रबरासारखं लवचिक घट्ट होतं. वरच्या पॅकरमधून फेस दिसला की नळी वर सरकवायची. वरून सुरुवात केली तर खाली पाणी कोंडून राहतं. दीड तासात दोन्ही भेगा बंद झाल्या. तेवढ्यात मी गच्चीच्या पावसाच्या पाइपाला कोपर बसवून घेतला, कारण तो इतकी वर्षं भिंतीलगतच्या फुलझाडांच्या वाफ्यातच रिकामा होत होता.

राहिलेल्या दोन भेगा केसाएवढ्या आहेत. त्यांच्यावर बारीक पांढरी रेघ धरू लागली आहे. झिरपणाऱ्या पाण्यात काँक्रीटमधला चुना विरघळतो आणि भेगेच्या तोंडाशी पुन्हा थिजतो. अशा भेगा कधीकधी आपणच मिटतात. सेक्रेटरींना दिवाळीआधी भिंत रंगवून हवी आहे. अजून एक पावसाळा जाऊ द्या, असं मी त्यांना सांगितलं आहे. पेन्सिल आता मामांच्या केबिनमध्ये असते. दर महिन्याच्या एक तारखेला ते खाली जाऊन रेघ बघतात आणि तारीख टाकतात. त्यांच्या नऊच्या आकड्याची शेपटी पार पुढच्या भेगेकडे निघालेली असते.