अशिलाचा पैसा आणि वकिलाची सनद

कोर्टाची पायरी आपली माणसे हौसेने चढत नाहीत. कारखान्यात अपघात होतो, गावची जमीन संपादनात जाते, थकलेला पगार मिळत नाही, तेव्हा आपण वकिलाकडे जातो. कागद त्याच्या हाती देतो आणि निर्धास्त होतो. पण नुकसानभरपाईची रक्कम कोर्टात जमा झाली, वकिलाने ती परस्पर उचलली आणि आपल्याला पत्ताच लागला नाही तर?

उत्तर प्रदेशातील लखीमपूर खिरी येथे एका वृद्ध, गरीब अशिलाच्या बाबतीत नेमके हेच घडले. संपादित जमिनीचे ८,११८ रुपये १९८७ साली त्याच्या वकिलाने कोर्टातून काढले व स्वतःकडेच ठेवले. अशिलाला कळले तेव्हा त्याने पैसे मागितले. ते मिळाले नाहीत म्हणून १९८८ साली त्याने बार कौन्सिलकडे तक्रार केली. वकिलाने काय करावे? फी कापून पैसे परत केले असे सांगितले आणि तडजोड झाल्याचे अशिलाच्या नावाचे खोटे प्रतिज्ञापत्र दाखल केले! बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याला तीन वर्षे वकिली करण्यास मनाई केली. त्यावर तो सर्वोच्च न्यायालयात गेला. शिक्षा कमी होणे दूरच, २००२ साली न्यायालयाने त्याचे नाव वकिलांच्या यादीतून कायमचे काढून टाकले.

सगळे वकील असे नसतात, हे आम्ही जाणतो. परंतु आपला हक्क आपल्याला ठाऊक हवा. अशिलासाठी रक्कम मिळताच वकिलाने त्याला लवकरात लवकर कळविले पाहिजे, असा बार कौन्सिलचा नियम आहे. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणे आणि मागितल्यास त्याची नक्कल देणे हेही त्याच्यावर बंधनकारक आहे. तो पैसा स्वतःसाठी कर्ज म्हणून वापरण्याचीही त्याला मुभा नाही.

म्हणून वकीलपत्रावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडून ते वाचून घ्यावे. रक्कम काढण्याचा अधिकार त्यात दिलेला आहे का, ते पाहावे. फीची पावती घ्यावी. प्रकरणाचा क्रमांक लिहून ठेवावा आणि पैसे जमा झाले का, याची चौकशी कोर्टाच्या कार्यालयात स्वतः करावी.

फसवणूक झालीच, तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. आपल्याकडे ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करावी. ताकीद, काही काळ वकिलीस बंदी किंवा सनद कायमची रद्द, अशा शिक्षा तेथे होऊ शकतात. मात्र सनद गेली म्हणजे आपले पैसे आपोआप परत येतात असे नाही. त्यासाठी पोलिसांत फिर्याद व दिवाणी दावा हे मार्ग वेगळे आहेत.

रक्कम लहान म्हणून गप्प बसू नका. त्या वृद्धाची रक्कमही लहानच होती, पण ती त्याच्या जमिनीची होती.