कुदळ-फावड्यांनी जिंकलेली युद्धे

वलगावच्या शेतकऱ्याच्या घरी टिकास, फावडे, विळा, कुऱ्हाड आणि टोपले असतेच. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैनिकाच्या सामानातही जवळजवळ हीच अवजारे असत. शस्त्रांच्या जोडीला सैनिक करवत, टोपली, कुऱ्हाड, विळा, दोर आणि तीन दिवसांची शिधासामग्री बाळगत, अशी नोंद पहिल्या शतकातील इतिहासकार जोसिफस याने केली आहे.

लॅटिनमध्ये विळ्याला ‘फाल्क्स’, करवतीला ‘सेर्रा’, टोपलीला ‘कोर्बिस’ आणि फावड्याला ‘पाला’ म्हणत. यांत सर्वांत महत्त्वाची होती ‘डोलाब्रा’. तिच्या एका बाजूस कुऱ्हाडीचे पाते, तर दुसऱ्या बाजूस कुदळीचे टोक असे. तासणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हे नाव आले. त्याचे नाते संस्कृत ‘दल्’ म्हणजे फुटणे या धातूशी असल्याचे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्या ‘डाळी’चे मूळही ‘दल्’ हेच. मुक्कामाच्या ठिकाणी खंदक खणून तट उभारणे हे रोमन सैनिकाचे नित्यकर्म होते. शत्रूला डोलाब्रानेच जिंकावे, असे सेनापती कोर्बुलोचे मत होते.

भारतात हे काम बहुधा वेगळ्या लोकांकडे असे. फारसीत ‘बेल’ म्हणजे फावडे. ते बाळगणारा तो ‘बेलदार’. मोगल व मराठा सैन्यांबरोबर जाणारे बेलदार वाटा मोकळ्या करीत आणि मोर्चे खणीत. मराठीत ‘बेल’ हा शब्द फावड्यासाठी रुळला नाही. ‘बेलदार’ मात्र टिकला.

अशा कामाची किंमत वऱ्हाडाने पाहिली आहे. वलगावहून परतवाड्याकडे जाणारा रस्ता पुढे मेळघाटाच्या डोंगरांत चढतो. तेथील गाविलगड नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. डिसेंबर १८०३ मध्ये स्टीव्हन्सनच्या इंग्रजी तुकडीने अचलपूरहून निघून डोंगरदऱ्यांतून सुमारे ३० मैल अवजड तोफा ओढत गडाच्या उत्तरेकडील लबाडा गाठले. वाट नव्हती, ती खणून काढावी लागली. १५ डिसेंबरला गड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग धारातीर्थी पडला. दोनच दिवसांनी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला.

या विजयाबरोबर वेलस्ली व स्टीव्हन्सन यांची नावे इतिहासात राहिली. वाट खणणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. बेलदार समाज आज महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणला जातो. त्याच्या नावातले फावडे हीच त्या श्रमांची उरलेली नोंद होय.