औषधी पानांचा अर्क : कोणत्या पानास कोणती रीत?

अडुळसा, तुळस, गवती चहा ही झाडे बांधावर व परसात सहज वाढतात. त्यांच्या पानांतील औषध काढण्यासाठी मात्र पुष्कळ घरी एकच रीत चालते : पाने पाण्यात टाकावयाची व पाणी आटेपर्यंत उकळावयाचे. ही रीत काही पानांस योग्य आहे. काहींचे औषध मात्र तिने वाफेबरोबर निघून जाते. म्हणून पानातील द्रव्य कोणत्या प्रकारचे आहे हे पाहून रीत ठरवावी.

काढा : अडुळशाच्या पानात वासिसीन नावाचे अल्कलॉइड असते. ते वाफेबरोबर उडत नाही व कढत पाण्यात उतरते. म्हणून अडुळशास काढा योग्य होय. शार्ङ्गधर संहितेप्रमाणे भरड औषधाच्या १६ पट पाणी घालून ते अष्टमांश उरवावे. म्हणजे ५० ग्रॅम पानांस ८०० मिलिलिटर पाणी घेऊन १०० मिलिलिटर काढा उरतो. आंच मंद असावी.

पुटपाक : अडुळशाची पाने नुसती कुटून पिळल्यास रस फार थोडा निघतो. यासाठी वाटलेल्या पानांचा गोळा वडाच्या किंवा जांभळीच्या पानांत गुंडाळावा, वरून मातीचा जाड लेप द्यावा व विस्तवात भाजावा. लेप तांबडा होताच गोळा बाहेर काढून गरम असतानाच रस पिळावा.

फांट : तुळशीचा गुण मुख्यतः तिच्या सुगंधी तेलात असतो. उघड्या भांड्यात तुळस उकळताना घरभर वास सुटतो, याचा अर्थ तेल हवेत चालले आहे. अशा पानांवर चौपट कढत पाणी ओतावे, भांडे लगेच झाकावे व थोड्या वेळाने गाळून घ्यावे.

ऊर्ध्वपातन : गवती चहाचे तेल विक्रीसाठी काढावयाचे असल्यास बंद भांड्यात पानांतून वाफ सोडतात व ती थंड नळीतून नेतात. वाफेचे पाणी होते आणि सिट्रलयुक्त तेल त्यावर तरंगते. या रीतीने अडुळशाचे वासिसीन मिळणार नाही. ते भांड्यातच राहील.

मद्यार्क : कारखान्यांत अल्कलॉइडे काढण्यासाठी मद्यार्क वापरतात. तो अर्क टिकाऊ असतो. घरी हा प्रयोग करू नये. मद्यार्क झटकन पेट घेतो. शिवाय त्याऐवजी मेथिल अल्कोहोल वापरले गेल्यास अंधत्व किंवा मृत्यू ओढवतो.

काढा व फांट पाण्यातील असल्याने लवकर नासतात. ते त्याच दिवशी संपवावेत. वासिसीनने गर्भाशय आकुंचन पावतो, म्हणून गर्भवती स्त्रीस अडुळसा देऊ नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास किंवा थुंकीत रक्त दिसल्यास काढ्यावर विसंबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयाची तपासणी करून घ्यावी. रीत कितीही अचूक असली तरी अडुळशाने क्षय बरा होत नाही, ही गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघर समजावून सांगावी.